छत्तीसगड–महाराष्ट्र संयुक्त संशोधन कार्यक्रम सुरू करण्याबाबत निवेदन

स्थळ : रायपूर, छत्तीसगड

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : वास्तुकला, कलेतिहास, वैद्यक आणि विज्ञान या शाखांत छत्तीसगड व महाराष्ट्र यांचे संयुक्त संशोधन सुरू करणे, तसेच महाराष्ट्रातील छत्तीसगडविषयक दप्तरे अभ्यासकांना खुली करणे.

महोदय,

आम्ही रायपूर येथे राहणारे मराठी भाषक अध्यापक, डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंते, संशोधक विद्यार्थी व नागरिक आहोत. आमच्यापैकी काहींचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या कारभारात इकडे आले, काहींचे रेल्वेच्या नोकरीत, तर काहींचे भिलाईच्या पोलाद कारखान्यासोबत. छत्तीसगड ही आता आमची भूमी आहे आणि मराठी ही आमची घरची भाषा आहे. या दोन्हींच्या नात्याने आम्ही हे निवेदन सादर करीत आहोत.

छत्तीसगडचा अभ्यास करणाऱ्याला आज एका मूलभूत अडचणीला तोंड द्यावे लागते. वस्तू, वास्तू आणि माणसे इथे आहेत, पण त्यांच्याविषयीचे कितीतरी कागद आणि लेख महाराष्ट्रात आहेत. याला इतिहास कारण आहे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार पाहिला आणि त्यानंतर सुभेदारी आली. १८१८ नंतर इंग्रज देखरेखीत कारभाराचे ठाणे रायपूरला हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूरच होती. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ एका राज्यात गेला आणि छत्तीसगड दुसऱ्या. माणसांची ये-जा, सोयरीक आणि व्यापार थांबला नाही, मात्र अभ्यासाची वाट तेव्हापासून दुभंगली.

एक उदाहरण पुरेसे आहे. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिल्या जाजल्लदेवाचा इ. स. १११४ चा शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात आहे, आणि सिरपूरच्या लक्ष्मण मंदिराचा शिलालेख रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात. दोन्ही लेख शेजारी ठेवून दक्षिण कोसलाचा, म्हणजे प्राचीन छत्तीसगडचा, इतिहास शिकवावा असे वाटले, तर आमच्या विद्यार्थ्याला दोन शहरे, दोन कार्यालये आणि दोन परवानग्या गाठाव्या लागतात.

छत्तीसगडच्या अभ्यासाचे काम मराठी अभ्यासकांनी पूर्वी केलेले आहे, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा महाग्रंथ १९५५ मध्ये सिद्ध केला. रतनपूर शाखेच्या कलचुरींविषयी लिहिताना आजही तो पहिल्यांदा उघडावा लागतो. त्याच दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठाच्या वतीने सिरपूर येथे उत्खनन केले आणि आनंदप्रभू कुटी विहारासह बौद्ध विहार उजेडात आणले. हेच दीक्षित प्राचीन मणी आणि भारतीय काच यांचे गाढे अभ्यासक होते. काच कशापासून बनली, कोणत्या तापमानाला वितळली, रंग कोणत्या धातूने आला, हे प्रश्न त्यांना शिल्पाच्या घडणीइतकेच महत्त्वाचे वाटत. कलेचा इतिहास आणि विज्ञान ही दोन खाती आहेत, असे त्यांनी मानले नाही. आज आम्ही जे मागत आहोत ते याच परंपरेचे पुढचे पाऊल आहे.

संयुक्त संशोधनाची निकड कुठे आहे, हे आम्ही चार बाबींतून मांडतो.

पहिली बाब सिरपूरची. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर महानदीच्या काठी सातव्या शतकातील लक्ष्मण मंदिर उभे आहे. महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ ते बांधविले. दगडी जोत्यावर विटांचे मंदिर तेराशे वर्षे टिकते, तर त्याच गावातील सुरंग टीला या मंदिराच्या दगडी पायऱ्या लाटेसारख्या खालीवर झालेल्या दिसतात. भूकंपामुळे हे घडले असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. ते तपासायचे तर भूगर्भशास्त्रज्ञाने मातीचे थर पाहिले पाहिजेत, अभियंत्याने पायाचे गणित मांडले पाहिजे, रसायनशास्त्रज्ञाने चुना व वीट तपासली पाहिजे आणि वास्तुविशारदाने मोजमापाचे आराखडे केले पाहिजेत. त्याच परिसरातील एका कुंडाला आयुर्वेदिक स्नानकुंड म्हटले जाते. त्या नावाला आधार आहे की नाही, हे वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ यांनी पुरातत्त्वज्ञासोबत बसल्याशिवाय ठरणार नाही. पर्यटकांना सांगितली जाणारी माहिती पुराव्यावर उभी असावी, एवढी आमची अपेक्षा आहे.

दुसरी बाब चित्रांची. रायपूरच्या दूधाधारी मठातील रामकथेची भित्तिचित्रे मराठा काळातील मानली जातात. ओल, धूर आणि वेळोवेळी होणारी रंगरंगोटी हे अशा चित्रांचे शत्रू आहेत. चित्रकाराने कोणते रंग वापरले, गिलाव्यात काय मिसळले आणि नागपूर-विदर्भातील वाड्या-मंदिरांच्या चित्रांशी त्यांचे नाते काय, याचा उलगडा प्रयोगशाळा आणि मोडी लिपीतील दप्तर या दोन्हींतून व्हायचा आहे. मठाला मिळालेली दाने, कारागिरांची मजुरी, सामानाचा खर्च यांच्या नोंदी असल्याच तर त्या भोसल्यांच्या कागदांतच शोधाव्या लागतील.

तिसरी बाब सिकलसेलची, आणि ती आमच्या मते सर्वांत तातडीची आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकात बदल होतो, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्णाला जीवघेण्या वेदनांना सामोरे जावे लागते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगड हा सिकलसेलचा सलग पट्टा आहे. गोंदिया-गडचिरोलीची आणि राजनांदगाव-कांकेरची कुटुंबे सीमेपलीकडे सोयरीक करतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले गेले. आजार पिढ्यान्‌पिढ्या लग्नसंबंधांतून पुढे जात असताना त्याचा अभ्यास राज्याच्या हद्दीवर थांबून चालणार नाही.

चौथी बाब धानाची. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपुरात राहून गावोगावच्या हजारो देशी वाणांचा संग्रह केला. आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवड करून एचएमटी हे वाण दिले. शेतकऱ्याची नजर आणि प्रयोगशाळेची चाचणी एकत्र आल्यास काय होऊ शकते, हे या दोन नावांवरून कळते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी आणि छत्तीसगड यांची माती, पाऊस आणि ताट सारखेच असल्याने हे संशोधनही सामायिक असले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर आम्ही पुढील मागण्या करीत आहोत :

१. महाराष्ट्र व छत्तीसगड शासनांनी सामंजस्य करार करून वरील चार विषयांवर पाच वर्षांचा संयुक्त संशोधन कार्यक्रम हाती घ्यावा. त्यात महाराष्ट्रातून डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठ, गोंडवाना विद्यापीठ व नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांना, तर रायपुरातून पं. रविशंकर शुक्ल विश्वविद्यालय, राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान, पं. जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व कृषी विश्वविद्यालय यांना सहभागी करून घ्यावे. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयालाही निमंत्रण असावे.

२. महाराष्ट्र पुराभिलेखागारांतील १७४१ ते १८५४ या काळातील रतनपूर, रायपूर व छत्तीसगड सुभ्याविषयीच्या कागदांची स्वतंत्र सूची करावी, त्यांचे स्कॅनिंग करावे आणि एक प्रत रायपूरला उपलब्ध करून द्यावी. मध्यप्रांताच्या काळातील नागपुरात असलेली दप्तरेही या कामात घ्यावीत.

३. रायपूर येथे मोडी लिपीचा नियमित अभ्यासवर्ग सुरू करावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. त्या निमित्ताने मिळणाऱ्या साहाय्याचा काही भाग महाराष्ट्राबाहेरील मराठी दप्तरांच्या वाचनासाठी राखून ठेवावा.

४. नागपूर संग्रहालयातील छत्तीसगडचे शिलालेख, ताम्रपट व शिल्पे यांची उत्तम प्रतीची छायाचित्रे, ठसे व त्रिमितीय प्रती रायपूर संग्रहालयाला द्याव्यात आणि तिकडूनही तशाच प्रती घ्याव्यात. मूळ वस्तू हलविण्याची आमची मागणी नाही.

५. पीएच.डी.साठी संयुक्त शिष्यवृत्त्या सुरू कराव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही राज्यांतून एकेक मार्गदर्शक असावा आणि ते दोघे वेगवेगळ्या विद्याशाखांचे असावेत. या शिष्यवृत्त्यांना अधिवासाची अट लावू नये.

६. सिकलसेल संशोधनासाठी दोन्ही राज्यांची एकच नैतिकता समिती व नोंदीची एकच पद्धत असावी. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी, त्याची ओळख गुप्त ठेवावी आणि तपासणीचा निष्कर्ष समुपदेशनासह त्याच्या कुटुंबापर्यंत पोहोचवावा.

७. धानाच्या वाणांची देवाणघेवाण करताना ते जपणाऱ्या गावांचा व शेतकऱ्यांचा हक्क लेखी स्वरूपात मान्य करावा.

८. या कार्यक्रमातील प्रत्येक प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात जमा व्हावा. त्याचा सोपा सारांश मराठी, हिंदी व छत्तीसगढीत प्रसिद्ध करून संबंधित गावाच्या ग्रामपंचायतीला द्यावा.

महोदय, यातील बहुतेक मागण्यांसाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. संस्था आहेत, तज्ज्ञ आहेत, दप्तरे आहेत आणि प्रश्नही समोर उभे आहेत. त्यांना एका मेजाभोवती बसविणारा निर्णय हवा आहे, आणि तो शासनच घेऊ शकते. मोडीचा कागद दरवर्षी ठिसूळ होतो, भिंतीवरचा रंग सुटत जातो, मोडी वाचू शकणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. उशीर झाल्यास काही गोष्टी कितीही निधी दिला तरी परत मिळणार नाहीत.

आमच्या बाजूने आम्ही रिकाम्या हाताने आलेलो नाही. मोडी वाचू शकणाऱ्या ज्येष्ठांचे मार्गदर्शन, बाहेरून येणाऱ्या संशोधकांच्या निवासाची सोय आणि मराठी-हिंदी-छत्तीसगढी भाषांतराचे काम आम्ही विनामोबदला करू. घरोघरी जपून ठेवलेले जुने कागद स्कॅनिंगसाठी देण्याचीही आमच्यातील अनेक कुटुंबांची तयारी आहे.

या विषयासाठी समन्वय अधिकाऱ्याची नेमणूक करून येत्या ६० दिवसांत नागपूर किंवा रायपूर येथे दोन्ही राज्यांचे अधिकारी, संस्थाप्रमुख आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक बोलवावी व तिच्या निर्णयांची लेखी माहिती आम्हांस द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
रायपूर येथील मराठी भाषक अध्यापक, संशोधक, डॉक्टर, वास्तुविशारद व नागरिक
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
१. मा. मुख्यमंत्री, छत्तीसगड राज्य, रायपूर (हिंदी अनुवादासह)
२. मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य
३. मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य, महाराष्ट्र राज्य
४. मा. मंत्री, मराठी भाषा, महाराष्ट्र राज्य