दोन तासांत कुर्तुबा

युरोपात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर कधी ना कधी लाल-पांढऱ्या कमानी येतातच. सोबत एखादा शेर, रडका इमोजी आणि ‘कभी ये हमारा था’. यंदा पाळी आमच्या भाचीची होती. ती माद्रिदला शिकते. विद्यार्थ्यांनी शनिवार-रविवारची सहल काढली. एक बस, शनिवारी कॉर्दोबा, रविवारी ग्रॅनाडा. कॉर्दोबा म्हणजे आपल्या उर्दू पुस्तकांतलं कुर्तुबा. त्याच्या वाट्याला आले दोन तास. कानात गाईडचा इअरफोन, पुढे तिची छत्री, मागे पंचेचाळीस जण. त्यात जेमतेम फोटो होतात.

तक्रार सहलीबद्दल नाही. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतं तेवढंच ते करणार. माझा आक्षेप त्या ‘हमारा था’ला आहे.

आपल्या घरांत अंदलुस आला तो उर्दूतून. नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या आमच्या आधीच्या पिढीने रात्र-रात्र जागून वाचल्या. इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला जाऊन आले आणि त्यांनी ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ लिहिली. नज्म थोर आहे, वाद नाही. पण तिच्यातून आपण फक्त हुंदका उचलला. मशिदीचा इतिहास त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे.

दमास्कसहून जीव वाचवून पळालेल्या उमय्या घराण्यातल्या पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस ती बांधायला घेतली. खांब कुठून आणले? रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींमधून. ते आखूड होते म्हणून कमानीवर कमान चढवून छत उंच केलं. ज्या दुहेरी कमानींचा आपण फोटो काढतो, ती एका अडचणीतून निघालेली वाट आहे. पुढे दोनशे वर्षं मशीद वाढत गेली. शेवटची आणि सर्वांत मोठी वाढ हाजिब अल-मन्सूरची. याच अल-मन्सूरने ९९७ मध्ये सांतियागोवर स्वारी केली. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून आणून मशिदीत दिवे म्हणून टांगल्या, असं बखरी सांगतात. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्नांडोने शहर जिंकलं आणि त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या. या गोष्टीचा पूर्वार्ध आपल्या कादंबऱ्यांत शौर्य असतो आणि उत्तरार्ध जुलूम.

आणि बुडालं ते सगळं परक्यांनी बुडवलं का? दुसऱ्या हकमच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असं जुने इतिहासकार लिहितात. त्यातले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळायला लावले ते अल-मन्सूरनेच, उलेमांना खूश करण्यासाठी. मदीनत अज-झहरा ही खलिफाची अख्खी राजनगरी अकराव्या शतकाच्या आरंभी मुसलमानांच्याच यादवीत लुटली गेली. इब्न रुश्द याच शहरातला. त्याला ११९५ मध्ये हद्दपार केलं ते मुस्लिम खलिफाने, आणि त्याची पुस्तकंही जाळली. ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेसही इथलाच. अल-मुवाहिदांच्या राजवटीत त्याच्या घराला शहर सोडावं लागलं. आज कॉर्दोबात दोघांचेही पुतळे आहेत. भाचीच्या बसने ते दाखवले नाहीत.

याचा अर्थ स्पेनच्या राजसत्तेला आणि चर्चला सोडून द्यावं असा नाही. १४९२ मध्ये ग्रॅनाडा शरण आलं तेव्हा करारात मुसलमानांचा धर्म, मशिदी, काझी सगळं शाबूत ठेवण्याचं वचन होतं. दहा वर्षंही ते टिकलं नाही. सक्तीची धर्मांतरं झाली, अरबी पुस्तकांच्या होळ्या झाल्या, आणि १६०९ पासून धर्मांतर केलेल्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर हाकलण्यात आलं. हे ठामपणे सांगायलाच हवं.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती १५२३ ची घटना. बिशपने मशिदीच्या मधोमध कॅथेड्रल उभारायचं ठरवलं. विरोध कुणी केला? शहराच्या नगरपरिषदेने. शहरात तेव्हा उघडपणे मुसलमान म्हणवणारा कुणी उरलेला नव्हता. तरीही, या पाडकामाला हात लावणाऱ्या मजुराला देहदंड देऊ अशी दवंडी परिषदेने पिटली. सम्राट पाचव्या कार्लोसने कौल बिशपला दिला आणि काम झालं. मशीद आपली मानून भांडले ते ख्रिस्ती कॉर्दोबावासी. आता त्या ‘हमारा’मध्ये त्यांना धरायचं की नाही?

“मामू, गाईड अख्खा वेळ कॅथेड्रलच म्हणत होती,” भाची फोनवर म्हणाली. हा वाद तिथल्या लोकांतही आहे. २००६ मध्ये चर्चने अवघ्या तीस युरोत ही वास्तू आपल्या नावे नोंदवून घेतली, त्यावरून अनेक स्पॅनिश नागरिक अजून चिडून आहेत. मुसलमानांना तिथे नमाज पढू देत नाहीत. स्पेनमधल्या मुस्लिम संघटनांनी रीतसर परवानगी मागितली, ती नाकारली गेली. २०१० मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या तरुणांच्या गटातल्या काहींनी तशीच नमाज सुरू केली आणि सुरक्षारक्षकांशी झटापट झाली. ही बंदी मला कोत्या मनाची वाटते. पण सहलीत येऊन असं काही केलं की स्थानिक मुसलमानांची मागणी मागे पडते. निस्तरायचं त्यांनाच असतं.

मी भाचीला दौलताबादची आठवण करून दिली. शाळेच्या सहलीत ती किल्ल्यावर गेली होती. तिथली जामा मशीद चौदाव्या शतकातली, खिलजींच्या काळातली, खांब मंदिरांचे. आज तिथे भारतमातेची मूर्ती आहे आणि लोक तिला भारतमाता मंदिर म्हणतात. तिला मूर्ती आठवत होती, खांब आठवत नव्हते. कुर्तुब्याला मिहराबजवळ डोळे ओले होतात, तर दौलताबादेत मूर्तीबद्दल विचारावं, आणि खांबांबद्दलही तितक्याच मोकळेपणाने विचारावं. आपल्याकडे एक गट फक्त मूर्तीबद्दल बोलतो, दुसरा फक्त खांबांबद्दल.

ती पुन्हा जाणार आहे, या वेळी एकटी. माद्रिदहून वेगवान गाडीने पावणेदोन तास लागतात. मी तिला मदीनत अज-झहराचे अवशेष बघायला सांगितलंय. शहरापासून आठेक किलोमीटरवर आहेत. त्या दिवशी बसला तिकडे वळायला वेळ नव्हता. ग्रॅनाडाचं हॉटेल गाठायचं होतं.