‘ई’ गायब!

गुरुवार. एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे मोशीत जरा निवांत... म्हणजे नाशिक हायवेवरच्या कंटेनरांचे हॉर्न सोडले तर! चहाचा मग घेऊन पीसीसमोर बसले, ‘धिस पीसी’ उघडलं आणि बघते तर काय, ‘सी’ आहे, ‘डी’ आहे, ‘ई’ नाही. नाहीच!

‘ई’ म्हणजे माझी दुसरी हार्डडिस्क. विंडोज वेगळ्या एसएसडीवर, त्यामुळे पीसी अगदी मजेत सुरू होतो, जणू काही झालंच नाही. पण मास कॉम संपल्यापासून घेतलेल्या सगळ्या मुलाखती ‘ई’वर. त्यातच एका आजोबांचं तीन तासांचं रेकॉर्डिंग. भोसरीतल्या फाउंड्रीत उभं आयुष्य काढलेला माणूस. मार्चमध्ये ते गेले. त्यांची मुलगी दोनदा म्हणाली, ‘‘ताई, बाबांचा आवाज तेवढा द्या ना.’’ दोन्ही वेळा मी म्हणाले, ‘‘देते, या रविवारी नक्की.’’ दुसरी कॉपी? नाही. (ठाऊक आहे मला. बोलू नका.)

रीस्टार्ट मारला. ‘ई’ हजर! आणि मी काय करावं? आधी ती एक फाइल घ्यायची सोडून अख्खं फोल्डर कॉपीला लावलं. अर्ध्या मिनिटात पुन्हा गायब. त्यानंतर चार वेळा रीस्टार्ट केलं, बाईसाहेब आल्याच नाहीत.

अशा वेळी पहिलं ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडायचं. तिथे डिस्क दिसतेय पण नावाचं अक्षर उडालंय, असं असेल तर राइट क्लिक करून अक्षर द्या, विषय संपला. पण ‘इनिशियलाइज करू?’ किंवा ‘फॉरमॅट करू?’ असा प्रश्न आला, तर डेटा हवा असणाऱ्याने गुमान कॅन्सल दाबावं. माझी डिस्क तिथेही नव्हती. बायोसमध्येही नव्हती. म्हणजे विंडोज बिचारं निर्दोष, दुखणं डब्याच्या आत.

शेजारचे काका भोसरीत मेंटेनन्सला आहेत. गुरुवार म्हणून घरीच होते. ‘‘मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हां,’’ असं बजावूनच आत आले आणि पहिला प्रश्न, ‘‘सप्लाय बघितलास का?’’

मी काय बघणार! प्लग काढून बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीची गोधडी. ती साफ करून पुन्हा चालू केल्यावर काकांनी डिस्कच्या कडेला हलकेच बोट टेकवलं. ‘‘फिरते... थांबली... परत फिरते. अगं, ही मोटरच की! आणि मोटर स्टार्ट होताना करंट जास्त ओढते. कुठंतरी लूज आहे.’’

खरंच आहे ते. साध्या साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि त्यांना जागच्या हलवतानाच १२ व्होल्टच्या लाइनवर सगळ्यात जास्त भार येतो. माझ्या डिस्कला वीज मिळत होती एका स्वस्तातल्या स्प्लिटरमधून. कधी लावला होता, आठवतही नाही. पीसी बंद करून काकांनी तो उपसला, तर एक पिन काळी पडलेली. मग एसएमपीएसमधून येणारी वायर थेट डिस्कला. साटाची डेटा केबलही बदलली. ते कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशोबाने बनवलेले असतात. आपण हलव-हलव करतो, ते तसं बरं नाही.

(डिस्क आतून खट्-खट् वाजत असती, तर मात्र हे काहीच करायचं नव्हतं. वीज बंद करून सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे.)

पीसी चालू. ‘ई’ आली. या वेळी शहाणपणा करून फक्त आजोबांची फाइल. आधी पेन ड्राइव्हवर, मग क्लाउडवर. मगच क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्कची तब्येत तपासली. ‘गुड’. वाट बघणारे खराब सेक्टर शून्य, पण सीआरसी एररचा आकडा चांगलाच वाढलेला. म्हणजे तबकड्या ठणठणीत, बोंब वायरिंगची.

आजोबांच्या मुलीला फोन लावला. ‘‘रविवारी येऊ का?’’

‘‘आत्ता नाही का जमणार, ताई?’’

पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी स्कूटीची चावी शोधायला लागले. दारात काका स्प्लिटर हातात घेऊन उभे. ‘‘हा मी घेऊन जातो. इथं ठेवला तर तू परत लावशील.’’