खतावणीत न दिसणारा खर्च

घर हिंगोलीत आणि दुकान वसमतच्या बाजारपेठेत, अशा कुटुंबांत रोजची ये-जा आता बहुधा मोटारीनेच होते. खर्च विचारला तर पेट्रोलचा आकडा तेवढा सांगितला जातो. व्यापाऱ्याने मात्र हा हिशेब पुरता मांडावा.

एका बाजूचे अंतर ५० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर २,५०० किलोमीटर होतात. लिटरमागे १५ किलोमीटर आणि १०५ रुपये दर धरल्यास पेट्रोलचे १७,५०० रुपये होतात. आयकराच्या हिशेबात मोटारीवर वार्षिक १५ टक्के घसारा धरतात. आठ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी तो १,२०,००० रुपये, म्हणजे दरमहा १०,००० रुपये. एकूण २७,५०० झाले, किलोमीटरमागे ११ रुपये! विमा, टायर, देखभाल आणि कर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही.

घसारा मागायला कोणी दारात येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. गाडी विकताना मात्र एकरकमी कळतो. प्रवासखर्च वजा न करता दुकानाचा नफा ४०,००० दिसत असेल, तर हाती १२,५०० च उरतात.

शेजारचे चौघे दुकानदार आळीपाळीने एकाच गाडीतून गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याचे पेट्रोल ४,३७५ रुपयांवर येते. दोन्ही गावे पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावर आहेत. वेळ जुळेल तेव्हा रेल्वेचाही विचार व्हावा. परगावी नवे दुकान घेण्यापूर्वी भाड्याइतकाच हा आकडाही कुटुंबाने एकत्र बसून तपासावा.