तिसरी पिन मोडणाऱ्यांनो...

इलेक्ट्रिक गिटार घेऊन भाड्याच्या खोलीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक सल्ला हमखास मिळतो. अँप लावला की 'घूंऽऽऽ' असा आवाज येतोय? सोप्पंय रे, प्लगची वरची जाड पिन काढून टाक! सल्ला देणारा बरा वाजवत असतो, त्यामुळे ऐकणारा मुकाट पक्कड घेऊन बसतो. कधीकधी आवाज खरंच जातो, मग तो हाच सल्ला पुढच्याला देतो. आमच्या खडकी-बोपोडीकडे आयटीवाल्यांच्या खोल्याखोल्यांतून हा प्रसाद इतक्यांदा वाटला गेलाय की मला आता त्याच्याशी जाहीर भांडण काढायचंय.

मंडळी, आधी ती पिन काय करते ते बघा. गिटारच्या तारा ब्रिजला टेकलेल्या. ब्रिजपासून एक वायर जॅकला, तिथून केबलच्या बाहेरच्या जाळीतून अँपच्या पत्र्याला, आणि पत्र्यापासून तिसऱ्या पिनेतून जमिनीत. म्हणजे तुमची बोटं ज्या तारांवर फिरतायत त्या थेट अँपच्या पत्र्याला जोडलेल्या आहेत. आत कुठे इन्सुलेशन गेलं आणि फेज पत्र्याला टेकली, तर अर्थिंग चांगलं असेल तेव्हा फ्यूज उडतो. पिन मोडलेली असेल तर काहीच होत नाही! फक्त तारांवर २३० व्होल्ट येऊन बसतात आणि तुमचा दुसरा हात कशाला लागतो याची वाट बघतात. 'स्टोन द क्रोज'चा गिटारिस्ट लेस्ली हार्वे १९७२ साली स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. 'यार्डबर्ड्स'मध्ये गायलेला कीथ रेल्फ १९७६ साली गेला तो घरी, गिटार वाजवताना, अर्थिंग नीट नसल्यामुळे. दोघंही नवशिके नव्हते.

प्रॉडक्शनचा अलर्ट म्यूट करून झोपलेल्या ज्युनियरला आपण दुसऱ्या दिवशी सोलून काढतो. आणि घरी आल्यावर स्वतः तेच करतो. पिन मोडायची नसेल तर दुकानदार नॉइज गेट नावाचं पेडल गळ्यात मारायला तयारच असतो. ते पेडल तुम्ही वाजवत नसताना आवाज बंद करतं, बस. वाजवायला लागलात की घूंऽऽ परत हजर.

खरं तर शोध घ्यायला दहा मिनिटं लागतात. केबल अँपमधून काढा. तरी गुणगुण चालूच? मग गिटार निर्दोष आहे, अँपकडे बघा. तो सूर जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या आसपास लागत असेल (तिथला जी ९८ हर्ट्झचा, आपल्या ५० हर्ट्झची दुप्पट १००) तर बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत. ते काम जाणत्याकडे द्या, आत बंद केल्यावरही व्होल्टेज राहतं. गिटार लावून तुम्ही जागच्या जागी गिरकी घेतल्यावर आवाज कमीजास्त होतो? मग पिकअपची कॉइल ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र पकडतेय. यावर तांब्याची टेप चिकटवून फारसं काही होत नाही. उलट्या गुंडाळलेल्या दोन कॉइल आणि उलटे चुंबक वापरून हम खोडून काढायची युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ सालीच पेटंटला पाठवली होती, तिचं नाव हमबकर. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो? ते ठीक आहे, तारांची वायर जोडलेली आहे. हात लावल्यावर वाढला तर मात्र ती वायर तुटलीय किंवा जॅकमध्ये उलटी लागलीय.

आणि पिन काढल्यावर जो आवाज जातो, तो बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो. अँप आणि लॅपटॉप दोन वेगळ्या सॉकेटांवर, दोघांना अर्थिंग, मध्ये ऑडिओ केबल. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाका. तो सिग्नलची जाळी तोडतो, अर्थिंगची वायर नाही.

आमच्याकडे आता नवीन निमित्त सापडलंय, मेट्रो. २०२५ साली खडकीचं स्टेशन सुरू झालं, वर २५ हजार व्होल्टची तार, मग काय! 'मेट्रोमुळेच होतंय.' अरे, रात्री शेवटची गाडी गेल्यावर ऐक ना. डोक्यावरच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तीन फुटांवर करकरतोय तो दिसत नाही, आणि अर्ध्या किलोमीटरवरची मेट्रो दिसते.

जमिनीचंच निमित्त हवं असेल तर ते खरं आहे. गावाच्या नावातच खडक आहे. कोरडा काळा पाषाण वीज सहजी शोषत नाही, म्हणून तर जुने लोक अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात पाणी ओतायचे. हल्ली त्या खड्ड्यावर पार्किंगची फरशी बसलेली असते. समजा त्याचा रोध २० ओहम झाला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपियर. १६ अँपियरचा एमसीबी यावर ढिम्म हलणार नाही, पत्रा जिवंतच राहणार. म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतो. तो गिटारवाल्यांचा लाड नाही, गीझरखाली अंघोळ करणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

'सॉकेटला तीन भोकं आहेत की', असं घरमालक काका म्हणतात. काका, भोकं आहेत, मागे वायर आहे का? तीन पिनांचा चार्जर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपच्या कडेवर हात फिरवल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा नाहीये. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-अर्थ मोजायला सांगा, २३०च्या जवळ यायला हवं. मधलंच काहीतरी, ८०-९०, दाखवलं तर अर्थिंग तरंगतंय. आणि त्याने अर्थिंगला न्यूट्रलच जोडून 'झालं साहेब' म्हटलं तर त्याला परत पाठवा. त्या न्यूट्रलची वायर कधी तुटली तर तुमच्या तारा थेट फेजवर.

'अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, मी कशाला खर्च करू?' हे मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. मग करू नका. पण सही करण्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं आणि बुलेट कुठे लावायची हे विचारता, तेव्हा मीटरच्या खोलीत जाऊन आरसीसीबीचं टेस्ट बटण एकदा दाबून बघा, आणि ते खटकन पडलं नाही तर डिपॉझिटचा चेक खिशातच ठेवा.