रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

या आठवड्याचा व्हिडिओ बघून काही जणांनी विचारलं, "ताई, दुकानदारांच्या चॅनलवर हे सी भाषेचं कोडिंग कशाला?" कारण माझ्याच दुकानात झालेली एक चूक. तिच्यापायी माझं एक जुनं गिऱ्हाईक तुटलं.

खोताच्या वाडीच्या तोंडाशी माझं मसाले, लोणची, पापडांचं छोटं दुकान आहे. बीबीए करताना अकाउंट्स शिकले, तरी उधारी मात्र वहीतच लिहायचे. मग वाडीतल्या एका इंजिनीअरिंगच्या मुलाने सी भाषेत उधारीचा छोटा प्रोग्रॅम करून दिला. पैसे घेतले नाहीत, वर कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणजे ओपन सोर्स. मी खूश!

एका संध्याकाळी वाडीतल्या एक आंटी आल्या. नेहमी रोख देणाऱ्या. त्या दिवशी सुटे नव्हते म्हणून म्हटलं, नाव टाकून ठेवते. नाव टाकलं तर स्क्रीनवर आधीची बाकी १,८४० रुपये! आंटी म्हणाल्या, "मी कधी उधार नेलंच नाही गं." आणि मी काय म्हणाले? "आंटी, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती पैसे पाठवले आणि माझ्याकडे यायच्या बंद झाल्या.

तीन आठवड्यांनी वही आणि प्रोग्रॅम ताडून बघताना कळलं, ते १,८४० आंटींच्या आधी ज्याचं खातं उघडलं होतं त्या गिऱ्हाइकाचे होते.

असं झालं कसं?

प्रोग्रॅममध्ये ओळ होती: इंट बाकी, म्हणजे 'बाकी' नावाचा एक डबा ठेवा. जुनं खातं सापडलं तर त्या डब्यात आकडा भरायचा. नवीन गिऱ्हाईक असेल तर? त्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. आपण म्हणू, काही भरलं नाही तर डबा रिकामा असेल. सीमध्ये तसं नसतं. फंक्शनच्या आत असा डबा मागितला की मशीन मेमरीतली एक जागा देते, पण धुऊन देत नाही. आधी जे होतं ते तिथेच पडून राहतं. कॉलेजात सी शिकलेले याला 'गार्बेज व्हॅल्यू' म्हणतात. माझ्याकडे तो कचरा म्हणजे दुसऱ्याची उधारी होती.

दुरुस्ती केवढी? इंट बाकी = ०; बस, एवढीच.

गंमत म्हणजे त्याच सी भाषेत सगळ्या फंक्शनच्या बाहेर ठेवलेला डबा आपोआप शून्यावर सुरू होतो. एका जागी आपोआप शून्य, दुसऱ्या जागी कचरा. म्हणून "मला सगळं लक्षात राहतं" म्हणणाराच इथे फसतो. लक्षात ठेवण्यापेक्षा नियम लिहून ठेवलेला बरा.

हजारो लोक एक वही कशी लिहितात?

लिनक्सचा गाभा मुख्यतः सी भाषेतच लिहिलेला आहे. जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात आणि बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. तरी चालतं, कारण लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. ओळ आत सरकवायची तर आठ अक्षरांचा टॅब. तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागलं तर तुमचा प्रोग्रॅमच गुंतलाय, तो सुधारा. एका फंक्शनमध्ये पाच-दहापेक्षा जास्त व्हेरिएबल्स नकोत. ही शिस्त दिसायला नेटकेपणाची वाटते, पण खरा फायदा असा की ओळखीच्या मांडणीत अनोळखी चूक पटकन डोळ्यांत भरते.

आणि माणसाच्या डोळ्यातून सुटलं तर कंपायलर आहे. जीसीसी हा मोफत, ओपन सोर्स कंपायलर. त्याला 'डॅश वॉल' हा पर्याय दिला की अशा न भरलेल्या डब्यांबद्दल तो इशारे देऊ लागतो. कोडमधल्या प्रत्येक वाटेने जाऊन किंमत भरली गेली का, हे तपासण्याच्या शास्त्राला डेटा फ्लो अॅनालिसिस म्हणतात. हे काम फक्त परदेशात होतं असं समजू नका. आपल्या पवईला, आयआयटी मुंबईत, प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, आणि याच शास्त्रावर सहलेखकांबरोबर लिहिलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये आलं. आमच्या मुलाने नंतर तो पर्याय लावून पाहिला. इशारा लगेच आला. आधी कुणी लावलाच नव्हता!

इशारा बंद करणं म्हणजे चूक सुधारणं नव्हे

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, सगळीकडे शून्य टाकून मोकळे होऊ. थांबा.

२००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरबद्दल एका तपासणी साधनाने तक्रार केली, की न भरलेली मेमरी वापरली जातेय. सांभाळणाऱ्याने विचारणा केली, पण पूर्ण संदर्भ कुणाच्याच लक्षात आला नाही, आणि त्या ओळी काढल्या गेल्या. तक्रार थांबली. पण त्यातली एक ओळ गुप्त किल्ल्यांमध्ये बेभरवशीपणा मिसळणारी होती. परिणाम? एका प्रकारच्या किल्लीच्या शक्यता उरल्या जेमतेम ३२,७६८. म्हणजे चोराने एकेक करून लावून पाहिल्या तरी कुलूप उघडणार. हे बाहेर आलं मे २००८ मध्ये, आणि मग असंख्य लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या.

लिनक्सच्या गाभ्यातही असे इशारे गप्प करायची एक सोय होती. तिच्या आड खऱ्या चुका लपतात म्हणून २०२० मध्ये ती काढून टाकली.

आता माझ्या काउंटरवर या. "मी कधी उधार नेलंच नाही गं" हा आंटींचा इशाराच होता. तो मी गप्प केला. मुलाची चूक एका ओळीची होती. माझी मोठी होती.

तुमच्या धंद्यात काय करायचं?

छोट्या धंद्याला नियम कशाला, हे मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते. माझं मत उलटं आहे. मोठ्या कंपनीत चूक पकडायला ऑडिटर असतो. आपल्याकडे फक्त गिऱ्हाईक असतं, आणि ते एकदाच सांगतं.

१. प्रत्येक खात्याची, प्रत्येक मालाची आरंभीची शिल्लक तारखेसह लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा.

२. मोजलं नसेल तर 'मोजलं नाही' लिहा. तिथे शून्य टाकणं म्हणजे खोटं बोलणं.

३. भागीदाराचा वाटा, भाच्याचा पगार, मावशींच्या पापडावरचं कमिशन, हे पहिल्याच दिवशी ठरवा. "बघू नंतर" म्हणालात की त्या रकान्यात प्रत्येक जण आपल्या मनातला आकडा भरतो.

४. गिऱ्हाईक किंवा कामाचा मुलगा म्हणाला "काहीतरी चुकतंय", तर आधी वही उघडा, मग तोंड.

मी पैसे घेऊन आंटींच्या घरी गेले, व्हरांड्यात बसून माफी मागितली. त्यांनी पैसे मोजून घेतले, चहा दिला. वाटेत भेटल्या की हसतातही. पण मसाला अजून दुसरीकडूनच घेतात.

आज दुकान बंद करायच्या आधी तुमच्या वहीतला एक रिकामा रकाना शोधा आणि तो भरा. कुठला सापडला, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात!