ख्रिस्ती गुरुजी आणि सरकारी शाळा

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. मराठवाड्यातील इतर गावांसारखेच हे एक गाव; म्हणूनच एका प्रश्नाच्या विचारासाठी ते आम्ही उदाहरणादाखल घेतो. समजा, अशा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत उद्या एक ख्रिस्ती गुरुजी बदलून आले. मनुष्य सालस, वेळेवर येणारा, मुलांवर हात न उगारणारा. रविवारी ते उपासनेस जातात आणि डबा उघडण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून प्रार्थना करतात. सरस्वतीपूजनाच्या दिवशी मुख्याध्यापक त्यांच्या हाती नारळ देतात, तेव्हा गुरुजी नम्रपणे म्हणतात, "सर, मी इथे उभा राहतो, पण पूजा माझ्या हातून होणार नाही." त्या दिवसापासून गावात दोन प्रकारची कुजबुज सुरू होते. एक म्हणतो, हा गावाच्या रीतीभाती मानीत नाही. दुसरा म्हणतो, हा आपली पोरे बाटविणार. आमचा प्रश्न एवढाच की, अशा वेळी आपल्या वस्तीने कोणाच्या बाजूस उभे राहावे?

हा ख्रिस्ती लोकांचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरातील देव्हारा नुकताच उतरला आहे, त्या घराने तरी असे म्हणू नये. आईबाप बावीस प्रतिज्ञा घेऊन घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे मूल परिपाठाच्या रांगेत इतरांबरोबर हात जोडून उभे राहते. घरी एक शिकवण आणि शाळेत दुसरी, या दोहोंत त्या लहान जीवाची ओढाताण होते. हात न जोडणारा शिक्षक त्या मुलाने पाहिला आणि त्या शिक्षकाचा कोणी अपमान केला नाही हेही पाहिले, तर धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय हे त्याला पुस्तकावाचून कळेल. उलट गावाने त्या शिक्षकाची मान वाकविली, तर उद्या आपलीही मान अशीच वाकविली जाईल, हे ते मूल त्याच दिवशी ओळखेल.

प्रथम उपकाराची गोष्ट सांगितली पाहिजे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगर येथील मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाने छापला. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास केवळ जातीमुळे प्रवेश नाकारला. सरकारचे दार बंद असताना मिशनचे दार उघडे होते, ही गोष्ट आपण विसरू नये. आपल्या मराठवाड्यातही रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली, आणि महार-मांग समाजातील अनेक घरे त्या काळात ख्रिस्ती झाली. आज जे ख्रिस्ती गुरुजी आपल्या गावात येतील, त्यांचे पणजोबा कदाचित आपल्याच पणजोबांच्या शेजारी गावकुसाबाहेर राहत असतील.

परंतु उपकाराबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. मिशनच्या शाळेत अक्षराबरोबर बायबलही शिकविले जाई. त्यात लपवाछपवी नव्हती. शाळा मिशनची, पैसा मिशनचा आणि हेतू उघड होता. सरकारी शाळेची गोष्ट निराळी. ती सर्वांच्या करातून चालते. इंग्रजी राज्याचे अधिकारी बहुतेक ख्रिस्ती असूनही हा भेद त्यांनी ओळखला होता. १८५४ सालच्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यात सरकारी शाळांतील शिक्षण धर्माच्या बाबतीत तटस्थ असावे, असे ठरविण्यात आले. शाळेच्या ग्रंथालयात बायबल ठेवण्यास हरकत नव्हती. एखाद्या विद्यार्थ्याने आपण होऊन काही विचारले, तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर त्याला समजावून सांगण्यासही हरकत नव्हती. परंतु वर्गात धर्माचा पाठ नको, असा तो दंडक होता.

स्वतंत्र भारताने हा दंडक अधिक पक्का केला. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत धार्मिक शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बंदीमागील कारणे विशद केली. एका धर्माच्या शिकवणुकीसाठी सर्वांचा कर खर्च करणे हे संविधानाच्या दुसऱ्या कलमाशीच विसंगत ठरेल, हे पहिले. देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की प्रत्येकाची सोय सरकारी शाळेत करणे अशक्य, हे दुसरे. आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग तेवढा खरा असे सांगतो, तेव्हा या वादांना शाळेत वाव दिल्यास तेथील शांततेचा भंग होईल, हे तिसरे. ही तिन्ही कारणे पिंगळीच्या शाळेस आजही जशीच्या तशी लागू पडतात.

संविधानाची भाषा प्रत्येक पालकाने समजून घ्यावी. २५ वे कलम प्रत्येक व्यक्तीला सद्‌सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. गुरुजी शिक्षक झाले म्हणून हा हक्क त्यांनी शाळेच्या फाटकावर ठेवून आत यावे, असे कोठेही म्हटलेले नाही. २८ व्या कलमाचा पहिला खंड सांगतो की, संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण मुळीच देता येणार नाही. तेथे पालकाच्या संमतीचाही प्रश्न उरत नाही. तिसरा खंड सरकारमान्य व अनुदानित शाळांविषयी आहे. अशा शाळेत जाणाऱ्या कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही.

हे नुसते कागदावरचे शब्द नव्हेत. नाशिक येथील एका अनुदानित शाळेतील शिक्षक परिपाठाच्या वेळी इतरांबरोबर उभे राहत. परंतु प्रार्थनेसाठी हात जोडीत नसत. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांचा आग्रह विवेकस्वातंत्र्याचा होता. शाळेने ती बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडविली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, शिक्षकास प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. अशी सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग होय. २८ व्या कलमाचे संरक्षण शिक्षकासही आहे, हे या निकालाने स्पष्ट झाले. त्यापूर्वी केरळातील तीन ख्रिस्ती भावंडांचा खटला झाला होता. ती यहोवाच्या साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे हाच आदर होय. ओठ हलविण्याची सक्ती म्हणजे देशभक्ती नव्हे.

मग ख्रिस्ती गुरुजींनी आपला धर्म शाळेत पाळावा तो कसा? आमच्या मते मर्यादा स्पष्ट आहे. गळ्यात क्रूस घालावा, डब्यापूर्वी मनात प्रार्थना करावी, नाताळास रजा घ्यावी, पूजेस नकार द्यावा. यांपैकी कशासही आक्षेप घेण्याचा कोणास अधिकार नाही. इतिहासाच्या तासाला येशूची, बुद्धाची, महंमदाची माहिती पाठ्यपुस्तकानुसार सांगावी. धर्मांविषयी शिकविणे आणि धर्म शिकविणे यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केलेला आहे. परंतु वर्गात मुलांकडून ख्रिस्ताची प्रार्थना म्हणवून घेऊ नये, गुणांच्या किंवा खाऊच्या आमिषाने उपासनेस बोलावू नये, आजारी मुलाच्या घरी शिक्षकाच्या अधिकाराने जाऊन धर्माची पुस्तिका ठेवू नये. २५ व्या कलमातील प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले आहे. प्रौढांमधील चर्चेची गोष्ट निराळी. पण ज्या मुलाची हजेरी, गुण आणि पाठीवरची थाप शिक्षकाच्या हातात आहे, ते मूल मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही. त्याच्यापुढे गुरुजींचा शब्द हा केवळ शब्द राहत नाही. ती आज्ञा होते.

यावर कोणी श्रद्धावान शिक्षक विचारील की, मग माझी श्रद्धा मी मुकी ठेवायची काय? तसे नव्हे. जो शिक्षक तांड्यावरील मुलास पहिल्या बाकावर बसवितो, पाण्याच्या मडक्याजवळ भेद चालू देत नाही, ऊसतोडीस गेलेल्या आईबापांच्या मुलाची नोंद पटावरून गळू देत नाही, त्याचा धर्म मुले रोज वाचीत असतात. त्यासाठी तोंडाने काही सांगावे लागत नाही.

आणखी एक दुःख आहे, ते आपल्या लोकांना लवकर कळेल. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशाने या यादीतील हक्क केवळ हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांना केंद्राच्या यादीत येण्यास १९९० साल उजाडावे लागले. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना त्या वर्षीच्या दुरुस्तीनेही काही मिळाले नाही. परिणाम काय होतो? मनात एक धर्म आणि दाखल्यावर दुसरा. असा शिक्षक पूजेला नकार कोणत्या तोंडाने देणार? नकार दिला तर लगेच दाखल्याची चौकशी, आणि दिला नाही तर स्वतःच्या मनाशी बेइमानी. १९९० पूर्वी आपल्याही अनेक घरांनी हाच कोंडमारा सोसला. धर्म बदलला म्हणून गावाने विटाळ सोडला नाही, पण सवलत मात्र सुटली, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांनी दुसऱ्याच्या कोंडमाऱ्याची चेष्टा करू नये.

आता सर्वांत अवघड गोष्ट आपल्या स्वतःविषयी. काही शाळांत आज आपलेच बंधुभगिनी शिक्षक आहेत. शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. त्यामुळे काही समित्यांवर आपल्या वस्तीचे वजन आहे. जो नियम आपण ख्रिस्ती गुरुजींना लावतो तोच बौद्ध गुरुजींना लावण्यास आपण तयार आहोत काय? सरस्वतीच्या तसबिरीपुढे हात जोडण्याची सक्ती वाईट, तर त्रिशरणासाठी हात जोडण्याची सक्तीही तितकीच वाईट. बाबासाहेबांची आणि सावित्रीबाईंची जयंती शाळेने राष्ट्रीय थोर व्यक्तींची म्हणून अवश्य साजरी करावी. पण वंदनेचे स्थान विहार आणि घर. आपण थोडे असताना स्वातंत्र्य मागावयाचे आणि अधिक झालो की ते दुसऱ्यास नाकारावयाचे, याला धम्म म्हणत नाहीत. ज्यांनी आपल्याला पाण्यापासून दूर ठेवले त्यांनीही आपल्या बहुमताचीच सबब सांगितली होती.

म्हणून प्रत्येक दीक्षित कुटुंबास आमचे सांगणे असे. आपल्या मुलास परिपाठात प्रार्थनेची सक्ती होत असेल, तर मुलास भांडावयास लावू नका. पालकाने स्वतः मुख्याध्यापकांस दोन ओळींचे नम्र पत्र द्यावे, त्यात २८ व्या कलमाचा उल्लेख करावा आणि पत्राची पोच घ्यावी. मूल शांतपणे, आदराने उभे राहील एवढे त्यास शिकवावे. शाळेत धर्माचा पाठ दिला जात असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर समितीच्या सभेत लेखी प्रश्न विचारावा. आणि पूजेस नकार दिला म्हणून एखाद्या ख्रिस्ती, मुसलमान किंवा कोणताही देव न मानणाऱ्या शिक्षकास त्रास होऊ लागला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसणारे पहिले घर आपले असावे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा या जिल्ह्यातील लोक संतापाने रस्त्यावर आले. तो संताप योग्य होता. पण काच फुटली की ती सर्वांस दिसते. गावच्या शाळेत एका शिक्षकाचे हात बळजबरीने जोडले जातात, तेव्हा त्याच संविधानाचे एक पान फाटत असते आणि कोणास आवाज येत नाही. तो आवाज ऐकू येण्याइतके आपले कान जागे असावेत. पिंगळीच्या त्या गुरुजींचे हात मोकळे राहिले, तर आपल्या मुलांचेही राहतील.