बांधावरील उन्हाळी

पीक निघालें कीं बांध साफ करण्याची घाई उडते, आणि कुदळ, आग किंवा तणनाशक यांना पहिली बळी पडते ती उन्हाळी. वैद्यांची शरपुंखा ती हीच. या साफसफाईस आम्ही शेताचें नुकसान समजतों.

उन्हाळी शेंगवर्गांतील आहे. अशा झाडांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र त्यांना पुरवितात, हें जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं १८८६ सालीं दाखवून दिलें. जें नत्र आपण युरियाच्या गोणींतून विकत आणतों, तें ही मुरमाड जागेंतही फुकट मिळविते. खोल मुळांनीं माती धरून ठेवते, जांभळट फुलांवर मधमाशा बोलाविते. दप्तरांत अशा मुरमाड तुकड्यांस आम्ही पोटखराबा लिहीत असूं. तें आकारणीपुरतें ठीक होतें. शेतकऱ्यानें त्यांस मनांतूनही खराबा कां मानावें?

ती शेतांत माजेल, असा आक्षेप येतो. त्यास उपाय सोपा आहे. शेंगा भरण्यापूर्वीं, फुलावर असतांनाच कापून पाला शेतांत गाडावा व बुंधे राखावेत. तामिळनाडूंत हिला कोळिंजी म्हणतात आणि भातासाठीं हिरवळीचें खत म्हणून मुद्दाम पेरतात. आपण मात्र आपोआप आलेली जाळतों! वाचकांनीं यंदा निदान एक बांध राखावा. शेजाऱ्याशीं हद्दीची कुरबुर असल्यास मात्र आधीं दगड दोघांनीं मिळून पाहून घ्यावेत; झुडपांआड ते दिसत नाहींत.